प्रश्नाची भाषा आणि बुद्ध्यंकाचा अधिकार

१

मानसशास्त्रीय कसोट्यांवरील पाठ्यग्रंथांची मांडणी बहुधा ठरून गेलेली असते. आरंभी कसोटीची व्याख्या, मग वस्तुनिष्ठता, विश्वसनीयता, सप्रमाणता आणि प्रमाणके ही लक्षणे, त्यानंतर निरनिराळ्या कसोट्यांची वर्णने, आणि सर्वांत शेवटी, थोडक्या पृष्ठांत, कसोटी वापरणाऱ्याची नीती. संमती घ्यावी, गुप्तता पाळावी, अनधिकृत व्यक्तीच्या हाती कसोटी देऊ नये, निष्कर्ष जपून सांगावा, अशी कलमे तेथे दिलेली असतात. ही कलमे योग्यच आहेत. परंतु या क्रमामुळे विद्यार्थ्याचा असा समज होतो की, कसोटी प्रथम शास्त्र म्हणून सिद्ध होते आणि तिचा वापर सुरू झाल्यावरच नीतीचा प्रश्न उत्पन्न होतो. हा समज तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखक मानसशास्त्रज्ञ नाही. भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. तेव्हा या विषयात बोलण्याचा त्याचा अधिकार मर्यादित आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. परंतु शाब्दिक कसोटीतील प्रत्येक प्रश्न हा प्रश्न असण्यापूर्वी एक वाक्य असतो, आणि प्रत्येक उत्तर हे योग्य वा अयोग्य ठरण्यापूर्वी एक उक्ती असते. त्या वाक्याचे व त्या उक्तीचे परीक्षण करण्याचा अधिकार मात्र भाषेच्या अभ्यासकाला नाकारता येणार नाही. कसोटीच्या नीतीचा प्रश्न अहवालाच्या वेळी सुरू होत नसून प्रश्नाच्या वाक्यरचनेपाशीच सुरू होतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

२

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षणखात्याने एक समिती नेमली. सामान्य शाळेत ज्यांची प्रगती होत नाही अशी मुले कशी ओळखावी, हा तिच्यापुढील प्रश्न होता. तोपर्यंत हा निवाडा शिक्षकाच्या मतावर किंवा डॉक्टरच्या तात्कालिक ग्रहावर होत असे. आल्फ्रेद बिने व तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली ३० प्रश्नांची जी श्रेणी प्रसिद्ध केली तिचा मूळ हेतू मुलांची प्रतवारी लावण्याचा नसून, एखाद्या मुलावर शिक्षकाच्या लहरीमुळे होणारा अन्याय टाळावा हा होता. कसोटीच्या जन्माशीच एक नैतिक प्रेरणा होती, ही गोष्ट पाठ्यग्रंथांत फारशी ठळकपणे येत नाही. बुद्धी ही उंचीप्रमाणे मोजता येणारी एकरेषीय राशी नव्हे, असेही बिने सांगत असे.

पुढे १९१२ साली विल्यम स्टर्न याने मानसिक वय व जन्मवय यांचे गुणोत्तर सुचविले. १९१६ साली लुइस टर्मन याने स्टॅनफर्ड विद्यापीठात सिद्ध केलेल्या आवृत्तीत ते १०० ने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. येथे बिनेच्या श्रेणीच्या स्वरूपात दोन बदल घडून आले. फ्रेंच मुलांसाठी योजलेले प्रश्न इंग्रजी भाषेत गेले, आणि एका निवाड्याला साहाय्य करणारी श्रेणी एका संख्येत संपू लागली. पहिल्या बदलाची फारशी दखल घेतली गेली नाही. दुसऱ्याची मात्र जगभर घेतली गेली.

भाषेकडे झालेल्या या दुर्लक्षाचा परिणाम लवकरच दिसून आला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने साडेसतरा लाखांच्या आसपास सैनिकांच्या बुद्धिकसोट्या घेतल्या. त्या सामग्रीवरून कार्ल ब्रिगम याने १९२३ साली युरोपातील निरनिराळ्या वंशांच्या बुद्धीची उच्चनीचता ठरविणारा ग्रंथ लिहिला. त्या वेळच्या अमेरिकेत स्थलांतरितांविरुद्ध मत तापलेले होते आणि १९२४ साली त्यांच्यावर कडक निर्बंध घालणारा कायदाही झाला. १९३० साली याच ब्रिगमने आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. त्याच्या माघारीचा आशय असा की, ज्या भाषेत कसोटी घेतली ती भाषा आत्मसात करण्याची समान संधी ज्यांना मिळाली आहे अशांचीच त्या कसोटीवर तुलना करता येते. वास्तविक ही भाषाशास्त्रातील अगदी प्राथमिक गोष्ट होय. ती मान्य होण्यास सात वर्षे लागली, आणि कायदा झाल्यानंतर लागली.

हाच धडा कॅलिफोर्नियाने १९७० साली पुन्हा गिरविला. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतील काही मुलांची इंग्रजीत कसोटी घेऊन त्यांना मंदबुद्धी मुलांच्या वर्गात बसविण्यात आले होते. ‘डायाना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाव्यात त्यांची कसोटी त्यांच्या भाषेत पुन्हा घेतली गेली, तेव्हा त्यांतील बहुतेक मुले त्या वर्गातील नव्हेतच असे दिसून आले. मुलांची कसोटी त्यांच्या प्रथम भाषेत घेतली जावी, अशी तडजोड तेथे झाली.

३

परकी भाषा अन्याय्य ठरते हे आता सर्वांस मान्य आहे, आणि म्हणूनच कसोट्यांचे मराठी रूपांतर केले जाते. पण रूपांतर झाले म्हणजे प्रश्न मिटतो काय? आपल्या प्रांतात या कार्याला मोठी परंपरा आहे. वि. वि. कामत यांनी टर्मनच्या १९१६ च्या श्रेणीवरून कन्नड व मराठी मुलांसाठी मुंबई-कर्नाटक आवृत्ती तयार केली. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. आर्थर मॅलिन यांनी नागपूर येथे वेक्सलरच्या बालकसोटीचे भारतीय रूप १९६९ साली सिद्ध केले. या दोघांच्या परिश्रमांविषयी आदर बाळगूनच पुढील विवेचन केले आहे. कारण आक्षेप व्यक्तींवर नसून ‘रूपांतर’ या कल्पनेवर आहे.

टर्मनच्या श्रेणीतील काही प्रश्नप्रकार उदाहरणादाखल घेऊ. उच्चारलेले अंक त्याच क्रमाने परत म्हणणे हा स्मरणाचा प्रश्न अनेक कसोट्यांत आहे. अंक सर्वत्र तेच, म्हणून हा प्रश्न भाषानिरपेक्ष समजला जातो. परंतु स्मरणात अंक राहत नाहीत, अंकांची नावे राहतात. मराठीत एक ते नऊ यांपैकी सहा व नऊ वगळता सात नावे उच्चारात एकाक्षरी आहेत. कन्नडात एकही नाव एकाक्षरी नाही. ‘एरडु’ आणि ‘ओंबत्तु’ तर त्र्यक्षरी आहेत. वेल्श भाषेतील अंकनामे इंग्रजी नावांपेक्षा उच्चारण्यास अधिक वेळ घेतात आणि त्यामुळे तेच द्विभाषिक लोक वेल्शमध्ये कमी अंक लक्षात ठेवू शकतात, असे एलिस व हेनेली यांनी १९८० साली दाखविले. तेव्हा धारवाडच्या एकाच गल्लीतील कन्नड व मराठी मुलांना पाच अंकांचा प्रश्न विचारला, तर तो एकच प्रश्न राहत नाही. त्या घटकापुरते दोन भाषांना एकच प्रमाणक लावणे सदोष ठरेल.

टर्मनने आठव्या वर्षासाठी वीसपासून एकपर्यंत उलट मोजण्याचा प्रश्न ठेवला, नवव्या वर्षासाठी दिलेल्या शब्दाशी यमक जुळविण्याचा. मराठी संख्यानामांची घडण इंग्रजीहून निराळी आहे. ‘एकोणतीस’ म्हणताना कान तीस ऐकतो आणि डोळा २९ मधील दोन पाहतो. हा भार खराच आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा उठलेला वाद वाचकांस आठवत असेल. यमकाची गोष्ट याच्या उलट. मराठी क्रियापदांची व नामांची रूपे प्रत्ययान्त असल्यामुळे ‘गेला, केला, नेला’ अशी यमके मुलाला प्रत्ययातच आयती सापडतात. इंग्रजी मुलाला ती शब्द आठवून शोधावी लागतात. म्हणजे भाषांतरात एक प्रश्न अवघड झाला, दुसरा सोपा झाला, आणि वयाचे कोष्टक मात्र तेच राहिले, असे होऊ शकते. म्हणून प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी मराठी मुलांवर नव्याने ठरविणे अवश्य असते. कामतांसारख्या अभ्यासकांनी केवळ भाषांतर न करता प्रश्नांची फेरतपासणी करण्याचा जो मार्ग धरला, त्याचे महत्त्व यातच आहे.

शब्दसंग्रहाचा प्रश्न याहून बिकट आहे. टर्मनने सुमारे १८,००० शब्दांच्या एका इंग्रजी कोशातून ठराविक अंतराने १०० शब्द निवडले. मराठीत असा नमुना घ्यावयाचा तर तो कोणत्या मराठीचा? मराठी शब्दसंपत्तीत तत्सम व तद्भव यांचे थर सामाजिक थरांना बऱ्याच अंशी समांतर आहेत. ‘तृण’ आणि ‘नौका’ यांचे अर्थ सांगणारा मुलगा बुद्धिमान, आणि ‘तिफण’, ‘पाभर’, ‘जू’ यांचे अर्थ नेमके सांगणारा मुलगा सामान्य, असा निर्णय जेथे होईल तेथे बुद्धीचे मापन होत नसून घरातील पुस्तकांचे मापन होत असते. ‘आंबा आणि केळे यांत साम्य काय?’ या प्रकारातही हेच घडते. ‘दोन्ही फळे’ या उत्तराला पूर्ण गुण. ‘दोन्ही सोलून खातात’ या उत्तराला कमी. पहिले उत्तर अमूर्त वर्गाचे आहे हे खरे. पण वस्तूला वर्गनामाने ओळखविण्याची ही रीत मुख्यतः शालेय आहे. लुरिया याने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात केलेल्या पाहणीत शाळा न पाहिलेली प्रौढ माणसे वस्तूंची जुळणी व्यवहारातील उपयोगावरून करीत आणि थोडे शिक्षण झालेली वर्गावरून करीत, असे आढळले होते.

४

या सर्वांहून बोधप्रद प्रकार आहे तो ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखविण्याचा. टर्मनच्या श्रेणीत सहाव्या वर्षी १६ ते १८ अक्षरांची वाक्ये होती. अशा वाक्यात ‘मला पाणी पाहिजे’ असे शब्द आले आणि वऱ्हाडातील मुलाने ‘मले पानी पाह्यजे’ असे म्हटले, तर परीक्षकाने काय करावे? ‘जसेच्या तसे’ ही अट अक्षरशः घेतली तर एका लहानशा वाक्यात तीन चुका झाल्या.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे चूक मुळीच नाही. उलट, मुलाने ऐकलेले प्रमाण भाषेतील वाक्य समजून घेतले, त्याचा अर्थ व रचना मनात धरली, आणि आपल्या बोलीच्या व्याकरणातून ते नव्याने घडविले. पोपटपंचीने वाक्य परत म्हणणाऱ्यापेक्षा ही क्रिया अधिक गुंतागुंतीची आहे. ज्या उत्तरातून आकलनाचा सर्वांत स्पष्ट पुरावा मिळतो त्याच उत्तराला शून्य गुण मिळावेत, हा केवळ मापनातील दोष नव्हे. परीक्षकाने हे उत्तर कसे ऐकावे हे कसोटीच्या पुस्तिकेत लिहिलेले नसेल, तर निर्णय त्याच्या कानावर सोपविलेला राहतो. शिक्षकाच्या लहरीला आवर घालावा म्हणून बिनेने जे साधन निर्माण केले त्यातच ती लहर मागील दाराने परत येते, आणि आता तिला संख्येची प्रतिष्ठा लाभलेली असते.

वऱ्हाडी ही मराठीची बोलीच आहे. तेथे हा प्रकार होतो, तर मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील माडिया व गोंडी बोलणाऱ्या मुलांविषयी काय म्हणावे! त्यांच्या भाषा मराठीच्या कुळातील नाहीत. त्यांच्या दृष्टीने मराठी कसोटी ही स्पॅनिश मुलांपुढे ठेवलेल्या इंग्रजी कसोटीसारखीच होय.

यावर भाषाविरहित कसोट्या हा उपाय सांगितला जातो. चंद्रमोहन भाटिया यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेला पाच कृतिकसोट्यांचा संच याच हेतूने सिद्ध झाला, आणि निरक्षर मुलांसाठी तो उपकारकच ठरला. पण ठोकळे जुळविण्याची सूचनाही शब्दांतच द्यावी लागते; आणि शब्द टाळल्याने भाषेचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त कसोटीच्या कक्षेबाहेर जातो. शिवाय मुलाची जी शक्ती भाषेतूनच प्रकट होते तिचा विचार राहूनच जातो.

५

येथे एक स्वतःची चूक नमूद करणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या एका व्यक्तिमत्त्व-प्रश्नावलीचे मराठी रूप तपासण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. रूढ पद्धतीप्रमाणे मराठीवरून पुन्हा इंग्रजी भाषांतर करविले; ते मूळ इंग्रजीशी जवळजवळ शब्दशः जुळले, आणि लेखकाने समाधानाने संमती दिली. पुढे एका तालुक्याच्या गावी ती प्रश्नावली भरून घेतली जात असताना उपस्थित राहण्याचा योग आला. ‘मला सहसा एकटे वाटत नाही’ या वाक्यापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ यांवर खूण करावयाची होती. शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थिनींनी ‘नाही’ वर खूण केली. विचारता एकीचा अर्थ ‘नाही वाटत’ असा होता, दुसरीचा ‘हे माझ्या बाबतीत खरे नाही’ असा. एक एकटेपणा नाकारीत होती, दुसरी तो कबूल करीत होती. उत्तरपत्रिकेत दोघी एकच होत्या.

मराठीत नकारार्थी विधानाला दिलेल्या ‘नाही’ या उत्तराचे असे दोन अर्थ होऊ शकतात, ही गोष्ट लेखक वर्गात शिकवीत आला होता. तरीही तपासताना ती त्याच्या ध्यानात आली नाही. कारण उघड आहे. उलट-भाषांतर करणारा दोन्ही भाषांत निष्णात असतो. तो वाक्यातील दोष आपल्या जाणकारीने न कळत भरून काढतो. त्याच्या यशावरून भाषांतरकाराची योग्यता सिद्ध होते, प्रश्नाची होत नाही. ज्या विद्यार्थिनीचा एकटेपणा त्या दिवशी उलट अर्थाने नोंदविला गेला तिला समुपदेशनाची गरज असेल, तर ती गरज या संमतीच्या सहीखाली झाकली गेली. नीतीचा प्रश्न येथे अहवाल लिहिण्यापूर्वी, गुप्ततेचा विचार येण्यापूर्वी, एका ‘नाही’पाशीच उभा होता.

६

आता मुख्य आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोणी म्हणेल की, कसोटीचे काम पुढील यशाचे पूर्वानुमान करणे हे आहे. शाळा प्रमाण मराठीतच चालते. तेव्हा प्रमाण मराठीत घेतलेली कसोटी शालेय यशाचे अनुमान बरोबर करीत असेल, तर तिची सप्रमाणता सिद्धच आहे. हा युक्तिवाद दुर्बल नाही. परंतु सप्रमाणता हा कसोटीच्या अंगचा गुण नसून कसोटीवरून काढलेल्या विशिष्ट अनुमानाचा गुण आहे, हे क्रॉनबाख व मील यांच्या १९५५ च्या निबंधापासून पुढील विचारवंतांनी क्रमाने स्पष्ट केले आहे. ‘हे मूल सध्याच्या शाळेत मागे पडेल’ हे अनुमान त्या कसोटीवरून सप्रमाण असेल. ‘या मुलाची बुद्धी कमी आहे’ हे अनुमान त्याच गुणांवरून सप्रमाण ठरत नाही. पहिल्यावरून शाळेने आपली रीत सुधारावी असाही निष्कर्ष निघू शकतो. दुसऱ्यावरून फक्त मुलावर शिक्का बसतो. एका अनुमानाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर मांडणे ही तर्कदृष्ट्या चूक आहे, आणि मूल त्याची किंमत देते म्हणून ती नीतीचीही चूक आहे.

आज हा प्रश्न केवळ पंडिती राहिलेला नाही. अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती मिळू लागल्या; २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. बुद्ध्यंकाच्या आकड्यावर आता प्रमाणपत्र, सवलत आणि शाळेतील जागा अवलंबून असते. अशा वेळी त्या आकड्याची अचूकता किती? प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता-गुणक ०·९१ असलेल्या उत्तम कसोटीतही मापनाचा प्रमाण दोष ४·५ येतो. म्हणजे ६८ गुण मिळालेल्या मुलाविषयी फार तर एवढेच म्हणता येते की, त्याचा खरा गुण ५९ ते ७७ यांच्या दरम्यान असण्याचा संभव मोठा आहे. ७० ही रेषा या पट्ट्याच्या मधूनच जाते. आणि हा हिशेब केवळ यादृच्छिक दोषाचा झाला. भाषेमुळे एकाच दिशेने होणारा दोष त्यात धरलेलाच नाही.

प्रमाणकांचे वय हीदेखील अशीच गोष्ट आहे. जेम्स फ्लिन याने १९८४ साली दाखविले की, अमेरिकेत सरासरी गुण दर दशकात सुमारे तीनने वाढत आले होते. जुन्या प्रमाणकांशी तुलना केली की आजच्या मुलाचा बुद्ध्यंक फुगून दिसतो. आपल्याकडे वाढीचा वेग निराळा असू शकेल. पण १९६९ च्या कसोटीची प्रमाणके आज लावणाऱ्याने हा विचार केलाच पाहिजे. ज्या मुलाला खरोखर साहाय्य हवे त्याला फुगलेल्या आकड्यामुळे ते नाकारले जाणे, हाही अन्यायच होय. कसोटीचा दोष नेहमी मुलाला खालीच ओढतो असे नाही.

७

या सर्वांवरून कसोट्या टाकून द्याव्यात असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. त्या टाकल्या तर आपण १९०४ पूर्वीच्या स्थितीला जाऊ; मुलाचे कपडे, आडनाव आणि उच्चार पाहून होणारे निवाडे पुन्हा निर्वेध होतील. वाईट कसोटीवरील उपाय अधिक चांगली कसोटी हाच आहे. त्या दृष्टीने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, मराठी कसोटीच्या पुस्तिकेत प्रत्येक शाब्दिक प्रश्नाखाली मान्य बोलीरूपे दिलेली असावीत, आणि ती त्या त्या प्रदेशातील मुलांच्या प्रत्यक्ष उत्तरांवरून घेतलेली असावीत. दुसरी, एकूण गुण सारखे असलेल्या दोन प्रदेशांतील मुलांना एखाद्या प्रश्नावर मात्र असमान यश मिळते काय, याची सांख्यिकीय तपासणी व्हावी; तिच्या पद्धती उपलब्ध आहेत, आणि असे प्रश्न हाती आल्यावर कारण शोधण्यास भाषाशास्त्राचा विभाग साहाय्य करू शकेल. तिसरी, प्रत्येक अहवालात मुलाची घरची भाषा, कसोटीची भाषा आणि परीक्षकाला मुलाची बोली कितपत समजते, यांची नोंद असावी; आणि गुण एका आकड्यात न सांगता पट्ट्यात सांगावा. चौथी, पालकांची संमती घेताना व निष्कर्ष सांगताना वापरलेली भाषा पालकांना कळली की नाही हे त्यांच्याकडूनच ऐकून घ्यावे. ज्या कागदाचा अर्थ सही करणाऱ्याला सांगता येत नाही त्या कागदाला संमती म्हणणे कठीण आहे.

यांपैकी एकही सूचना नवी नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत या ना त्या रूपाने त्या आल्या आहेत. परंतु मराठीपुरते त्यांचे तपशील भरण्याचे काम परदेशातील कोणी करून देणार नाही. ‘मले’ हे रूप चूक नव्हे, एवढे पुस्तिकेत लिहिण्यासाठी एक ओळ पुरते. ती ओळ नसेल तर वऱ्हाडातील सहा वर्षांच्या मुलाला आपली बाजू मांडण्याची दुसरी जागा नाही. कारण गुण कशासाठी कापले गेले हे त्याला कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी ते ज्या मराठीत सांगितले जाईल तिच्यातच त्याचे गुण गेलेले असतात.